स्टेंट बसवल्यानंतर लक्ष कशावर ठेवावे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

माझे वय ५८ आहे. सात महिन्यांपूर्वी मला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा तातडीने अँजिओप्लास्टी करून डाव्या बाजूच्या पुढच्या मोठ्या रक्तवाहिनीत एक स्टेंट बसवला. उजव्या रक्तवाहिनीत ४० टक्के ब्लॉकेज आहे, पण ते तसेच ठेवले. घरी सोडताना टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग (प्रत्येक ठोक्याला हृदय आपल्यातले जितके रक्त बाहेर ढकलते ते प्रमाण) ३८ टक्के होते. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४८ होते, ते आता ८२ आहे आणि अहवालावर ‘सामान्य’ असे लिहिले आहे. मी रोज अर्धा तास चालतो, त्रास काही नाही. फक्त अधूनमधून छातीच्या डाव्या बाजूला, बोटाने दाखवता येईल अशा जागी, काही सेकंद टोचते. दर सहा महिन्यांनी अँजिओग्राफी करून स्टेंट उघडा आहे की नाही ते पाहावे असे मला वाटते, पण डॉक्टर गरज नाही म्हणतात. रक्तदाब मी दिवसातून दहा-बारा वेळा मोजतो आणि रात्री जाग आली की मनगटावरच्या घड्याळात नाडी पाहतो. हातावर काळेनिळे डाग उठतात, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी टिकाग्रेलॉर ही गोळी बंद करावी असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे. त्यांचीही अशी एक गोळी सहा महिन्यांनी बंद झाली होती. योग्य काय ते कळवावे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र लक्षपूर्वक वाचले. त्यातली काळजी मला समजते आणि ती अस्थानी आहे असेही मी म्हणणार नाही. मात्र वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. जी तपासणी तुम्ही आग्रहाने मागत आहात तिची तुम्हाला आज गरज दिसत नाही. उलट ज्या दोन आकड्यांचा तुम्ही जाता जाता उल्लेख केला आहे, म्हणजे पंपिंग ३८ टक्के आणि एलडीएल ८२, त्यांच्याविषयी तुम्ही एकही प्रश्न विचारलेला नाही, आणि मला तेच दोन आकडे अधिक महत्त्वाचे वाटतात. तुमचे अहवाल आणि अँजिओग्राफीची चित्रे मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते तुमच्या डॉक्टरांशी बोलण्याची पूर्वतयारी म्हणून वाचावे. एका बाबतीत मात्र पुढच्या भेटीची वाट पाहणे योग्य नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

टिकाग्रेलॉर स्वतःहून बंद करू नका. स्टेंट ही रक्तप्रवाहात ठेवलेली धातूची जाळी आहे. तिच्यावर रक्तवाहिनीचे आतले नाजूक अस्तर पूर्णपणे चढेपर्यंत रक्तातल्या पट्टिका (प्लेटलेट) तिला चिकटून गुठळी धरू शकतात. अशी गुठळी धरण्याचा धोका पहिल्या महिन्यात सर्वाधिक असतो आणि पुढे तो बराच कमी होतो, हे खरे आहे. पण ती धरलीच तर रक्तवाहिनी काही मिनिटांत पूर्ण बंद होते आणि पुन्हा मोठा झटका येतो, म्हणून हा धोका आकड्याने लहान असला तरी परिणामाने फार मोठा आहे. शिवाय तुमच्या बाबतीत या गोळीचे काम स्टेंटपुरते मर्यादित नाही. ज्याला झटका येऊन गेला आहे त्याच्या इतर रक्तवाहिन्यांमध्येही पहिल्या वर्षात गुठळी धरण्याची प्रवृत्ती अधिक असते, आणि म्हणूनच झटक्यानंतर टिकाग्रेलॉर आणि अ‍ॅस्पिरिन या दोन्ही गोळ्या साधारणपणे १२ महिने चालू ठेवतात.

तुमच्या नातेवाइकांची गोळी सहा महिन्यांनी बंद झाली यातही चूक असेलच असे नाही. झटका न येता, केवळ चालताना छाती भरून येते म्हणून ठरवून स्टेंट बसवलेल्या रुग्णाला बहुधा सहा महिने पुरतात. ज्याला रक्तस्रावाचा धोका फार आहे त्याच्या बाबतीत डॉक्टर ही मुदत आणखी कमी करतात, आणि ज्याला गुठळीचा धोका जास्त पण रक्तस्रावाचा कमी आहे त्याच्या बाबतीत वाढवतात. एकाचा हिशेब दुसऱ्याला लागू होत नाही, इथे तर मुळीच नाही. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि तिचा परिणाम एक-दोन डोस चुकले तरी ओसरू लागतो, त्यामुळे संध्याकाळची गोळी विसरण्याची सवय असेल तर तिच्यावर आधी उपाय करा. गजर लावा किंवा दिवसवार कप्प्यांची गोळ्यांची डबी वापरा.

हातावरचे काळेनिळे डाग हा या गोळ्यांचा अपेक्षित परिणाम आहे आणि ते आपोआप विरत असतील तर एवढ्या कारणाने गोळी सोडण्याची आवश्यकता नसते. शौच काळे, डांबरासारखे होणे, लघवीतून किंवा उलटीतून रक्त जाणे, नाकातून येणारे रक्त दाबून धरूनही न थांबणे, डोक्याला मार लागणे किंवा आजवर कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी अचानक सुरू होणे, ही लक्षणे मात्र वेगळी आहेत. अशा वेळी त्याच दिवशी, आणि लक्षण गंभीर असेल तर त्याच क्षणी, रुग्णालय गाठावे. अंगदुखीसाठी मनाने आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका. अ‍ॅस्पिरिनसोबत त्यांनी पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, झटका येऊन गेलेल्या हृदयाला त्या मुळातच मानवत नाहीत, आणि आयबुप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणते. दात काढायचा असो किंवा एखादी शस्त्रक्रिया ठरत असो, गोळी थांबवण्याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कोणालाही घेऊ देऊ नका. थांबू शकणारी शस्त्रक्रिया असेल तर ती पहिले वर्ष संपेपर्यंत पुढे ढकलणेच बहुधा श्रेयस्कर असते. टिकाग्रेलॉरने काही रुग्णांना बसल्या जागीही दम लागल्यासारखे वाटते. तुम्हाला तसे होत असेल तर ते सांगा. तिच्या जागी दुसरी गोळी देता येते, पण ती बदलायची असते, सोडायची नसते.

आता अँजिओग्राफीविषयी. स्टेंट उघडा आहे का हे प्रत्यक्ष पाहावे ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि एके काळी वैद्यकशास्त्रालाही तसेच वाटत असे. आंद्रेआस ग्रुन्ट्झिग यांनी १९७७ च्या सप्टेंबरात झुरिक येथे फुगा फुगवून हृदयाची पहिली रक्तवाहिनी उघडली, त्यानंतरच्या काळात नुसत्या फुग्याने उघडलेल्या सुमारे एकतृतीयांश जागा काही महिन्यांतच पुन्हा अरुंद होत. १९८६ पासून धातूचे स्टेंट आले, तेव्हा हे प्रमाण एकपंचमांश ते एकचतुर्थांशापर्यंत उतरले. २००२-०३ पासून औषधाचा लेप असलेले स्टेंट आले आणि ते १० टक्क्यांच्या खाली गेले. ज्या अडचणीसाठी पुन्हा पुन्हा आत डोकावून पाहण्याची गरज वाटत होती ती अडचणच आता बरीच कमी झाली आहे. जिथे स्टेंट पुन्हा अरुंद होतो तिथे ते बहुधा पहिल्या वर्षातच घडते, हळूहळू घडते, आणि रुग्णाला श्रमाच्या वेळी छातीत दाब जाणवू लागतो, म्हणजे शरीर सूचना देते.

त्रास नसताना नेमाने अँजिओग्राफी केलेल्या रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा असे दिसले की त्यांच्यावर पुन्हा स्टेंट बसवण्याचे प्रमाण वाढते, पण मृत्यू किंवा झटके त्यामुळे घटत नाहीत. अरुंद जागा दिसली की ती उघडावीशी वाटते. ती रुग्णाला त्रास देत होती का, हा प्रश्न मागे पडतो. अँजिओग्राफीत मूत्रपिंडाला सोसावे लागणारे रंगद्रव्य, नळी घातलेल्या जागी रक्तस्राव, आणि क्वचित याहून गंभीर गुंतागुंत हे धोके थोडे असले तरी खरे आहेत, आणि मोबदल्यात काही मिळत नसेल तर थोडा धोकाही पत्करण्यात अर्थ नाही. अँजिओग्राफी नको तर वर्षातून एकदा स्ट्रेस टेस्ट, म्हणजे श्रमाच्या ताणाखाली हृदयाची तपासणी, तरी करावी का, हा प्रश्न दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी अतिशय नेटाने तपासला. स्टेंट बसवलेल्या आणि तुलनेने अधिक धोका असलेल्या १७०६ रुग्णांपैकी निम्म्यांची एका वर्षानंतर ठरवून स्ट्रेस टेस्ट केली आणि उरलेल्यांची केवळ त्रास झाला तरच. दोन वर्षांनी मृत्यू, झटका किंवा छातीच्या दुखण्यासाठी रुग्णालयात दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण पहिल्या गटात ५.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ६ टक्के होते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नव्हेच. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तुमच्या डॉक्टरांच्या नकारामागे असे पुरावे आहेत, निष्काळजीपणा नाही.

याला अपवाद आहेत. डावीकडच्या मूळ रक्तवाहिनीच्या तोंडाशीच स्टेंट बसवला असेल, मोठे अडथळे मुद्दाम मागे ठेवले असतील, रुग्ण वैमानिकासारख्या जबाबदारीच्या कामावर परतणार असेल, किंवा नवा त्रास सुरू झाला असेल, तर डॉक्टर स्वतःच तपासणी सुचवतात. सीटी अँजिओग्राफीविषयी अनेक जण विचारतात. तिच्यात हात किंवा मांडीतून नळी घालावी लागत नाही हे खरे, पण ३ मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या स्टेंटच्या आतले दृश्य धातूमुळे नीट दिसत नाही, आणि अस्पष्ट दृश्यातून शंका वाढून शेवटी नेहमीच्या अँजिओग्राफीवरच वेळ येते.

उजव्या रक्तवाहिनीतल्या ४० टक्के अडथळ्याचे काय, हा तुमच्या पत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा आहे, म्हणून इथे थोडे थांबते. रक्तवाहिनीतला अडथळा म्हणजे नळाच्या आतल्या बाजूला साचलेला क्षार, तो खरवडला की काम झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते आणि तिने फार नुकसान केले आहे. मेद वाहिनीच्या पोकळीत साचत नाही, तिच्या भित्तीच्या आत साचतो. तिथे दाह होतो, वरचे आवरण कुठे जाड तर कुठे पातळ असते, आणि पातळ आवरण एखाद्या दिवशी फाटले की त्या जागी गुठळी धरून झटका येतो. जी जागा फाटते ती फाटण्यापूर्वी फार अरुंद असतेच असे नाही. झटक्यानंतर स्टेंट बसवलेल्या ६९७ रुग्णांचा तीन वर्षे पाठपुरावा करणारा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुढे ज्यांना पुन्हा त्रास झाला, म्हणजे बहुतांशी छातीचे दुखणे वाढून दाखल व्हावे लागले, त्यांच्यात स्टेंटच्या जागेमुळे झालेला त्रास आणि इतरत्र झालेला त्रास यांचे प्रमाण जवळपास सारखे होते; आणि त्या इतर जागा सुरुवातीच्या अँजिओग्राफीत सरासरी अवघ्या ३२ टक्क्यांच्या आसपास अरुंद दिसल्या होत्या.

४० टक्के अडथळ्याने रक्तप्रवाह अडत नाही, त्यामुळे तिथे स्टेंट न बसवण्याचा निर्णय अगदी योग्य होता. पण ज्याला स्टेंटची गरज नाही त्याला उपचाराचीही गरज नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. तुमचा आजार सगळ्या रक्तवाहिन्यांचा आहे, स्टेंटने त्यातली एक जागा सांभाळली आहे, आणि उरलेल्या भित्तींतला मेद कमी करून त्याचे आवरण घट्ट करण्याचे काम औषधांनी करायचे आहे. ते काम होत आहे की नाही हे ज्या तपासणीतून कळते, ती तपासणी म्हणजे साधी रक्तातली चरबी, आणि तिच्यातला एलडीएल हा आकडा.

तुमचे ८२ अहवालावर सामान्य ठरले, कारण प्रयोगशाळा ज्या मर्यादा छापते त्या ज्यांना कधी हृदयविकार झाला नाही अशांसाठी आहेत. झटका येऊन गेलेल्या व्यक्तीसाठी हृदयरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संस्थांची आजची अपेक्षा वेगळी आहे: काहींच्या मते ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर औषध वाढवलेच पाहिजे, तर युरोपीय तज्ज्ञांचे लक्ष्य ५५ च्या खाली आणि शिवाय मूळ पातळीपेक्षा किमान निम्म्याने कमी असे आहे. तुमचे १४८ वरून ८२ झाले, म्हणजे सुमारे ४५ टक्के घट झाली. ती चांगली आहे, पण कोणत्याही मोजमापाने पुरेशी नाही. असंख्य रुग्णांच्या एकत्रित अभ्यासांतून दिसलेला हिशेब असा आहे की एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने कमी झाले की झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे एकपंचमांशाने घटतात.

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन या गोळीचा डोस दुप्पट केला तर एलडीएल साधारण सहा टक्केच आणखी उतरते, म्हणून केवळ डोस वाढवून तुम्ही ५५ गाठाल असे दिसत नाही. स्टॅटिनसोबत एझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडली तर सुमारे २० टक्के घट मिळते, म्हणजे तुमचा आकडा ६५ च्या आसपास येईल. दोन्ही बदल एकत्र केले तर आणखी जवळ. तरीही लक्ष्य गाठले नाही तर त्वचेखाली घ्यायची इंजेक्शने आहेत, जी पातळी निम्म्याने किंवा त्याहून अधिक खाली आणतात. यातले तुमच्यासाठी काय, ते डॉक्टर ठरवतील, परंतु ‘माझे लक्ष्य किती आणि मी तिथे पोहोचलो आहे का’ हा प्रश्न तुम्ही विचारला पाहिजे. औषध बदलल्यानंतर चार ते बारा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे, आणि लक्ष्य गाठल्यावर वर्षातून एक-दोनदा. स्टॅटिनने अंग दुखते असे ऐकून किंवा जाणवून गोळी सोडणारे पुष्कळ आहेत. ज्यांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडले होते अशा रुग्णांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली तशीच गोळी आणि काही महिने काहीच न देता तपासले, तेव्हा खऱ्या गोळीने झालेल्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग औषध नसलेल्या गोळीनेही झाल्याचे आढळले. याचा अर्थ दुखणे खोटे असते असा नाही. दुखले तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलून मार्ग निघतो.

पंपिंगकडे वळते. झटक्याच्या वेळी हृदयाच्या स्नायूचा काही भाग कायमचा मरतो आणि काही भाग रक्ताअभावी नुसताच सुन्न होतो. रक्तप्रवाह पूर्ववत झाल्यावर हा सुन्न भाग पुढच्या आठवड्यांत हळूहळू कामाला लागतो, म्हणून घरी सोडताना मोजलेले ३८ टक्के हा तुमच्या हृदयाचा अंतिम आकडा नाही. अशा रुग्णाची टू-डी इको तपासणी साधारण सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा करायची असते, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. ती झाली नसेल तर ती मागा. तुम्ही आग्रहाने मागायला हवी ती तपासणी हीच. पंपिंग ५० च्या पुढे गेलेले असू शकते आणि ती मोठी आनंदाची बातमी असेल. ते ४० च्या खालीच राहिले असेल तर हृदयाला बळ देणाऱ्या चार गटांतली औषधे पुरेशा प्रमाणात चालू आहेत का हे पाहावे लागेल, आणि तीन महिने पूर्ण उपचार करूनही ३५ किंवा त्याखाली असेल तर ठोक्यांच्या घातक अनियमिततेपासून वाचवणारे छोटे उपकरण छातीत बसवण्याचा विचार करावा लागतो. इतके निर्णय ज्या एका वेदनारहित तपासणीवर अवलंबून आहेत ती राहून जाऊ नये. नवा आकडा हाती येईपर्यंत रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करा. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढले, पाय सुजले, किंवा उशी वाढवल्याशिवाय झोप येईना, तर शरीरात पाणी साठत आहे असे समजून लगेच कळवा.

रक्तदाब दिवसातून दहा-बारा वेळा मोजून हाती काही लागत नाही; धास्तीने मोजलेला आकडा धास्तीमुळेच चढतो आणि मग आणखी एकदा मोजावासा वाटतो. डॉक्टरांच्या भेटीआधीचा एक आठवडा सकाळ-संध्याकाळ मोजा, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, आणि पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. मोजण्याआधी अर्धा तास व्यायाम, तंबाखू, चहा-कॉफी नको. लघवी करून या, पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसा, हात हृदयाच्या पातळीवर टेकवा आणि बोलू नका. पट्टा दंडाला बांधायचे यंत्र घ्या, मनगटाचे नको. सरासरी १३०/८० च्या खाली असावी. इतर दिवसांत आठवड्यातून एखादे मोजमाप पुरे. उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर मात्र तेव्हा उभ्याने मोजलेला आकडाही नोंदवून ठेवा, कारण औषधे जास्त होत आहेत का हे त्यावरून कळते.

बाकीच्या रक्ततपासण्यांविषयी थोडक्यात सांगते. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर बहुतेकांसाठी सात टक्क्यांच्या खाली असावी. नसेल तर वर्षातून एकदा तपासावी, कारण झटक्यानंतर लपलेला मधुमेह सापडणे विरळा नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचे मोजमाप) आणि पोटॅशियम औषधांच्या डोससाठी लागतात, आणि हिमोग्लोबिन आतल्या आत होणाऱ्या रक्तस्रावाचा सुगावा देते. लायपोप्रोटीन-ए या रक्तातल्या, बहुतांशी आनुवंशिक असलेल्या चरबीच्या कणाची तपासणी आयुष्यात एकदा करावी. तंबाखूचा विषय पत्रात नाही. कोणत्याही स्वरूपात चालू असेल तर या सगळ्याआधी तो बंद व्हायला हवा. फ्लूची लस दरवर्षी घ्या. झटक्यानंतर ती घेतलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आहे.

छातीतल्या टोचण्याचे तुम्ही केलेले वर्णन, म्हणजे बोटाने दाखवता येणारी जागा आणि काही सेकंदांत थांबणारी कळ, हृदयाच्या दुखण्याशी सहसा जुळत नाही. रक्त कमी पडल्याने होणारा त्रास दाबल्यासारखा, आवळल्यासारखा, पसरट असतो. तो छातीच्या मधोमध जाणवतो, जबड्याकडे, खांद्याकडे किंवा हातात उतरतो, ठरावीक श्रमाला येतो आणि थांबल्यावर काही मिनिटांत जातो. सर्वांत उपयोगी तुलना तुमच्याच जवळ आहे: झटक्याच्या आधी आणि झटक्याच्या वेळी जे जाणवले होते, त्याच्यासारखे काही पुन्हा जाणवते का? मधुमेही व्यक्तींना, स्त्रियांना आणि वृद्धांना छातीत न दुखता नुसता दम, मळमळ किंवा अकारण थकवा एवढेच होऊ शकते, हेही घरातल्यांना माहीत असू द्या.

तुमचे रोजचे चालणे हीच एक चांगली तपासणी आहे. तोच रस्ता, साधारण तोच वेग ठेवा, बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत. गेल्या महिन्यात जो चढ सहज पार होत होता तिथे आता थांबावे लागते, असे झाले तर ती खरी बातमी आहे आणि ती काही दिवसांतच डॉक्टरांपर्यंत पोहोचली पाहिजे. स्ट्रेस टेस्ट किंवा अँजिओग्राफीला तेव्हा अर्थ येतो. देखरेखीखाली व्यायाम शिकवणारा हृदय पुनर्वसन कार्यक्रम उपलब्ध असेल तर त्यात अजूनही नाव घाला. त्याने पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटते, आणि आपले हृदय किती श्रम पेलते हे प्रशिक्षित माणसांच्या समोर कळल्याने मनातली भीतीही कमी होते.

मनगटावरचे घड्याळ ठोक्यांची एक विशिष्ट अनियमितता पकडू शकते, परंतु रक्तवाहिनी बंद होत आहे हे त्याला कळत नाही, आणि झटका येत असतानाही ते सारे ठीक असल्याचे दाखवू शकते. उलट, ठोके मंद करणाऱ्या गोळीमुळे झोपेत ५० च्या आसपास गेलेली नाडी पाहून तुम्ही विनाकारण घाबरत असाल. रात्री ते काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि एक गोष्ट आपुलकीने विचारते: रात्रीची जाग, सतत मोजत राहणे, यासोबत दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे किंवा कशातच मन न लागणे असे होते का? झटक्यानंतर दर पाच रुग्णांपैकी सुमारे एकाला उपचार करण्याजोगे नैराश्य येते. त्याने गोळ्या चुकतात, व्यायाम सुटतो आणि हृदयाचा पुढचा धोकाही वाढतो, म्हणून ते लपवू नये. समुपदेशन आहे, हृदयरुग्णांना चालणारी औषधेही आहेत; हे सांगण्यात कसलाही कमीपणा नाही.

छातीत खरोखर दाब आला तर काय करायचे ते घरातल्या प्रत्येकाला आधीच माहीत असावे. हातातले काम सोडून खाली बसा, डॉक्टरांनी जिभेखाली ठेवण्याची नायट्रोग्लिसरिन दिली असेल तर एक गोळी बसूनच घ्या, आणि पाच मिनिटांत आराम पडला नाही किंवा त्रास वाढला तर रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका आणि सकाळ होण्याची वाट पाहू नका. लैंगिक दुर्बलतेवरच्या गोळ्या घेत असाल तर सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास ही जिभेखालची गोळी घेऊ नये, कारण रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरतो. संकोच न करता हे डॉक्टरांना आणि रुग्णवाहिकेतल्या लोकांना सांगावे. स्टेंटचा प्रकार, जागा, बसवल्याची तारीख, चालू औषधे आणि त्यांचे डोस एका कागदावर लिहून तो पाकिटात ठेवा.

पुढची तारीख महिनाभराहून लांब असेल तर ती अलीकडे घ्या. भेटीला जाताना रक्तदाबाची आठवड्याची सरासरी, एलडीएलचे दोन्ही अहवाल आणि घरी सोडतानाचा इको अहवाल सोबत न्या, आणि टिकाग्रेलॉर कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची ते त्यांच्याकडून त्याच कागदावर लिहून घ्या.